सोंगाड्याचं इंग्रजी : नगरचा स्पाइक मिलिगन आणि थट्टेच्या मुलाखतींतून शब्द शिकण्याची गोष्ट

१९९२ साली पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. आयटीआयचा वायरमनचा कोर्स झालेला, दहावीला इंग्रजीत दोनदा आपटून तिसऱ्या खेपेला कसाबसा काठावर पास झालेला मुलगा. फ्यूज, अर्थिंग, मोटरचं वाइंडिंग यांवरचे प्रश्न ठीक गेले. शेवटी टेबलाच्या टोकाला बसलेल्या साहेबांनी, बहुधा मला जरा मोकळं वाटावं म्हणून, हसत विचारलं, ‘सो, हाउ डिड यू फाइंड पुणे?’

फाइंड, फाउंड, फाउंड. क्रियापदाची तिन्ही रूपं मला पाठ होती. फाइंड म्हणजे शोधून काढणे, सापडणे. तुम्ही पुणे कसं शोधलंत? मी ताठ बसून उत्तर दिलं, ‘बाय एस.टी., सर. माळीवाडा टू शिवाजीनगर.’

टेबलापलीकडचे तिघंही हसले. मीही हसलो, कारण ते हसत होते. नोकरी मिळाली नाही. ती या उत्तरामुळेच गेली असं मी म्हणणार नाही, माझ्यापेक्षा हुशार मुलं बाहेर बसलेली होती. पण परतीच्या गाडीत सुप्यापर्यंत मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो : यात हसण्यासारखं काय होतं?

त्याचं उत्तर मला सतरा वर्षांनी मिळालं. २००९ साली एका मित्राच्या संगणकावर मी बीटल्सचा ‘अ हार्ड डेज नाइट’ हा १९६४चा चित्रपट पाहत होतो. त्यात वार्ताहरांनी या चार पोरांना घेरलंय, असा प्रसंग आहे. जॉन लेननला विचारलं जातं, तुम्ही अमेरिका कशी ‘फाइंड’ केलीत? म्हणजे अमेरिका कशी वाटली? लेनन शांतपणे सांगतो की ग्रीनलंडपाशी डावीकडे वळलो. मी खुर्चीतून उठलोच. हे तर माझं उत्तर! त्याचं ग्रीनलंड, माझं माळीवाडा. तेच क्रियापद, तीच चूक. त्याच्या उत्तरावर जग साठ वर्षं हसतंय आणि माझ्या उत्तरावर तीन माणसं हसली, यात फरक एवढाच की लेननच्या खिशात ‘फाइंड’चे दोन अर्थ होते आणि माझ्या खिशात एकच.

या लेखात मला सांगायचं आहे ते या दुसऱ्या अर्थाबद्दल. मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. नगरमध्ये माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आता मोटर रिवाइंडिंग करतो. पण गेली चौदा वर्षं दुकानाच्या माडीवर संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग चालवतो आणि त्यात शब्द शिकवण्याचं मुख्य साधन म्हणजे नामवंतांच्या थट्टेच्या मुलाखती. काही खऱ्या, बऱ्याचशा आम्हीच रचलेल्या. हा मार्ग मला दाखवणारा माणूस मात्र बीटल्सच्या आधीचा आहे, आणि तो निघाला नगरचाच.

फेब्रुवारी २००२च्या अखेरीस दुकानात सोल्डरिंग करताना रद्दीतला एक इंग्रजी पेपर खाली अंथरला होता. त्यात एका विनोदी नटाच्या निधनाची बातमी, आणि जन्मस्थळ : अहमदनगर, इंडिया. टेरेन्स अ‍ॅलन ऊर्फ स्पाइक मिलिगन. जन्म १६ एप्रिल १९१८. वडील लिओ मिलिगन हे आयरिश, ब्रिटिश हिंदी सैन्यात तोफखान्यात होते. म्हणजे हा आपल्या लष्करी छावणीतला पोर. शाळा पुण्याच्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरीत, पुढे रंगूनला, मग इंग्लंड. (नगरकरांसाठी एक योगायोग. नगरचेच शाहू मोडक याच महिन्यातले, २५ एप्रिल १९१८चे. आपल्या बोलपटातली पहिली दुहेरी भूमिका ‘आवारा शहजादा’त त्यांनी केली असं मानलं जातं. एकाच महिन्यात या गावाने दुहेरी भूमिकेचा आणि दुहेरी अर्थाचा असे दोन कारागीर दिले.)

मिलिगनच्या थडग्यावरच्या ओळीची गोष्ट मला नंतर कळली. आपल्या थडग्यावर काय लिहावं, हे तो गमतीत सांगत असे : ‘आय टोल्ड यू आय वॉज इल.’ इंग्लंडमधल्या विंचेल्सी गावच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. पण असली थट्टा इंग्रजीत कोरायला धर्माधिकाऱ्यांची परवानगी मिळेना, म्हणून घरच्यांनी ती आयरिश भाषेत कोरून घेतली. या ओळीतला प्रत्येक शब्द शाळेतला आहे. मी तिचं भाषांतर बिनचूक केलं : ‘मी तुम्हांला सांगितले की मी आजारी होतो.’ हसू मात्र आलं नाही. चारेक दिवसांनी आईने गुडघ्याचा एक्स-रे माझ्यापुढे टाकला. दोन वर्षं ती दुखतंय म्हणत होती आणि आम्ही वय झालं म्हणून सोडून देत होतो. ती म्हणाली, ‘सांगत नव्हते का मी, बरं नाही म्हणून!’ तेव्हा मिलिगनची ओळ लख्ख कळली आणि हसण्याची मात्र सोय राहिली नाही. शब्दकोशात ‘टोल्ड’च्या पुढे ‘सांगितले’ एवढंच असतं. त्यात दडलेलं ‘सांगत नव्हते का?’ तिथे सापडत नाही, ते माणसाच्या तोंडूनच ऐकावं लागतं.

मग मी मिलिगनचा माग काढत गेलो. १९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओवर ‘द गून शो’ नावाचा कार्यक्रम चालला. पीटर सेलर्स, हॅरी सीकोम आणि मिलिगन. लेखन मुख्यतः मिलिगनचं. रेडिओवाल्या माणसाला त्याची मजा लवकर कळते, कारण तिथे डोळ्यांना काहीच नाही. सगळा खेळ आवाजाचा आणि शब्दाच्या दोन अर्थांमधल्या फटीचा. पुढे रिचर्ड लेस्टर या दिग्दर्शकाने सेलर्स-मिलिगनला घेऊन १९५९ साली एक छोटा वेडगळ चित्रपट केला. ‘अ हार्ड डेज नाइट’ याच लेस्टरचा. लेनन तर पोरवयापासून गून शोचा भक्त, १९७३ साली गून शोच्या संहितांच्या पुस्तकावर त्याने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये परीक्षणही लिहिलं. म्हणजे ग्रीनलंडपाशी डावीकडे वळणारी ती वाट मागे मागे शोधत गेलं, तर भिंगार कॅम्पापर्यंत येते. माझ्या माळीवाड्यापासून चार किलोमीटर!

छावणीतल्या इंग्रजीबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. नगरात इंग्रजी दोन दारांनी आली. १८३१ साली आलेल्या अमेरिकन मराठी मिशनबरोबर ती शाळेतून आली, हे आपण सांगत असतो. सिंथिया फरार बाई इथल्याच. दुसरं दार छावणीचं, आणि त्या दारातून ये-जा दोन्ही बाजूंनी झाली. गोऱ्या सोल्जरांनी ‘देखो’चा ‘डेको’ केला, ‘विलायती’चं ‘ब्लायटी’ केलं आणि ते इंग्लंडलाच त्या नावाने हाका मारू लागले. ‘खुश’वरून ‘कुशी’ म्हणजे आरामाची नोकरी, ‘चिठ्ठी’ची ‘चिट’. यांतला एकही शब्द त्यांनी पाठांतर करून घेतलेला नाही. बाजारात, तबेल्यात, थट्टामस्करीत उचललेला आहे. असल्या खिचडी भाषेत वाढलेला मुलगा पुढे शब्दांना चेंडूसारखा टोलवू लागला, यात मला नवल वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. थट्टेच्या मुलाखतीत असं काय असतं, की शब्द डोक्यात पक्का बसतो? मुलाखतीत प्रश्न आणि उत्तर असे दोन तुकडे असतात. प्रश्नकर्ता शब्द एका अर्थाने टाकतो, उत्तर देणारा तोच शब्द दुसऱ्या अर्थाने उचलतो. ऐकणाऱ्याला हसायचं असेल, तर दोन्ही अर्थ एकाच क्षणी हातात हवेत. एक जरी नसला तरी हसू फुटत नाही. म्हणजे हसणं हीच परीक्षा आणि तोच निकाल. पेपर तपासायला कुणी लागत नाही. शिवाय जो हसला नाही तो लगेच शेजाऱ्याला विचारतो, ‘काय रे, काय झालं?’ वीस वर्षं इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडलेला माणूस हा प्रश्न मात्र विचारतोच. आपल्याला सोडून बाकीचे हसताहेत हे माणसाला सहन होत नाही. मी स्वतः सुप्यापर्यंत ते सहन करून पाहिलेलं आहे.

मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. आपल्याला इंग्रजी शब्द येत नाहीत हे खरं नाही. शेकडो येतात, पण एकेकाची एकेकच खोली आपण उघडलेली असते. फॉल म्हणजे साडीचा. मिस म्हणजे शाळेतल्या बाई. कटिंग म्हणजे केसांची, नाहीतर अर्धा चहा. बीटल्स ७ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरले तेव्हा वार्ताहरांनी त्यांच्या केसांवरून विचारलं, इथे असताना तुम्ही कटिंग करणार का? जॉर्ज हॅरिसन म्हणाला, ‘आय हॅड वन यस्टर्डे.’ कालच केली. हे चार शब्द मी पहिल्या आठवड्यातच शिकवतो, कारण त्यातला ‘वन’ म्हणजे एक हा आकडा नव्हे, तो ‘हेअरकट’च्या जागी उभा राहिलेला गडी आहे. हे व्याकरणाच्या पुस्तकात पानभर असतं. इथे ते चार शब्दांत आणि चार झिपऱ्या डोक्यांसकट लक्षात राहतं.

वर्गातला खेळ साधा आहे. एक जण नामवंत होतो, बाकीचे वार्ताहर. नामवंताने शक्यतो चुकीच्या अर्थाने उत्तर द्यायचं, पण मुद्दाम. नंतर त्याने दोन्ही अर्थ सांगायचे. सांगता आले नाहीत तर तो विनोद धरला जात नाही. ‘व्हॉट ड्रोव्ह यू टू क्रिकेट?’ असं एका ‘अजिंक्य रहाणे’ला विचारलं. हा आमचा रहाणे संगमनेरकडचाच होता, खऱ्यासारखाच. त्याने उत्तर दिलं, ‘माय अंकल. ही हॅज अ टेम्पो.’ कशाची ओढ लागली आणि कुणी गाडीने सोडलं, हे दोन्ही ‘ड्रोव्ह’ त्या दिवशी बावीस जणांना एकदम कळले. ‘व्हॉट डू यू मिस मोस्ट?’ या प्रश्नावर शेवगावच्या मुलाचं उत्तर, ‘द सेव्हन ओक्लॉक बस.’

सगळ्यांत चांगला प्रसंग घडला तो ‘डिलिव्हरी’वरून. तिशीच्या, दोन मुलांच्या आई असलेल्या एक ताई ‘झहीर खान’ झाल्या होत्या. श्रीरामपूरचा म्हणून झहीर आमच्याकडे वारंवार येतो. वार्ताहराने विचारलं, ‘व्हॉट वॉज युवर मोस्ट डिफिकल्ट डिलिव्हरी?’ ताई म्हणाल्या, ‘माय सेकंड. एट अवर्स.’ बायका खदखदून हसल्या. पोरांपैकी निम्मे हसले. एक मुलगा, जो दिवसभर मोटरसायकलवर पार्सलं पोहोचवायचा, गंभीरपणे म्हणाला, ‘आठ तास? माझी तर रोज ऐंशी पार्सलं असतात.’ एका शब्दाचे तीन अर्थ वर्गात हजर होते : चेंडू, बाळंतपण आणि पार्सल. प्रत्येक जण आपापला घेऊन बसलेला, तिन्ही कुणाकडेच नव्हते. मी त्या दिवशी फळ्यावर काही लिहिलं नाही. त्यांनीच एकमेकांना वाटून टाकले.

हे तंत्र परदेशी आहे असं कुणाला वाटलं तर त्याने तमाशा आठवावा. गण, गवळण झाली की बतावणी येते, आणि बतावणी म्हणजे तरी काय? पाटलाने सरळ प्रश्न विचारायचा आणि सोंगाड्याने त्यातला शब्द भलत्याच बाजूने धरायचा. गवळणीत मावशी आणि पेंद्या हेच करतात. १९६५च्या ‘विच्छा माझी पुरी करा’त दादा कोंडक्यांनी हे शहरी प्रेक्षकांपर्यंत नेलं. सोंगाड्या अडाणी नसतो, अडाण्याचं सोंग आणतो, आणि प्रेक्षकाला ते माहीत असतं. १९९२ साली मी जे केलं त्यात फक्त सोंग नव्हतं. म्हणून मी मुलांना ‘प्रेझेंटेशन स्किल’ वगैरे सांगत नाही. सांगतो, सोंगाड्या व्हा. ज्याला चुकीचं उत्तर मुद्दाम देता येतं त्याला बरोबर उत्तरही ठाऊक असतं.

मिलिगनकडून घेतलेल्या शब्दांपैकी माझा आवडता शब्द ‘ग्रोव्हल’. १९९४ साली ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड्समध्ये त्याला जीवनगौरव मिळाला. युवराज चार्ल्स त्याचा चाहता. त्यांचं कौतुकाचं पत्र थेट प्रक्षेपणात वाचलं जात असताना मिलिगनने मध्येच युवराजांना ‘लिटल ग्रोव्हलिंग’ म्हणून पुढे एक शिवी जोडली. सभागृह कोसळलं. नंतर त्याने युवराजांना लिहून विचारलं म्हणे, की आता नाइटहुडचा प्रश्नच मिटला ना? ग्रोव्हलिंग म्हणजे जमिनीवर पालथं पडणं, सरपटणं, लाळघोटेपणा करणं. जुन्या इंग्रजीत ‘ग्रोव्हलिंग’ हे आधी क्रियाविशेषण होतं, ‘पालथा’ अशा अर्थाचं. लोकांना त्यातला ‘इंग’ क्रियापदाचा वाटला आणि त्यांनी मागाहून ‘ग्रोव्हल’ हे क्रियापदच तयार केलं. तीही एक प्रकारची चूकच, पण सगळ्यांनी मिळून केली म्हणून कोशात गेली. वर्गात मी विचारलं, मराठीत काय म्हणाल? एकीने लगेच सांगितलं, ‘लोटांगण.’ शरीर तेच करतं, खरं आहे. पण मोहटादेवीला लोटांगण घालणाऱ्याला आपण हसत नाही. इंग्रजीत या शब्दात देव उरलेला नाही, नुसता तिरस्कार आहे. यावर अर्धा तास वाद झाला. गंमत ही, की राजपुत्राला लाळघोट्या म्हणणारा स्वतः कुणापुढे पालथा पडला नव्हता. १९६२च्या कायद्यानंतर भारतात जन्मल्यामुळे त्याच्या ब्रिटिश नागरिकत्वाची अडचण झाली. राजनिष्ठेची शपथ घ्यायला त्याने नकार दिला आणि वडिलांच्या नात्याने आयर्लंडचा पासपोर्ट घेतला. म्हणून पुढे मिळालेली नाइटहुड मानद राहिली.

सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. मिलिगनला आयुष्यभर मानसिक आजाराने छळलं. अँथनी क्लेअर या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर १९९३ साली त्याने नैराश्यावर पुस्तकही केलं. हे सांगताना मी फळ्यावर ‘डिप्रेशन’ लिहिलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा एक मुलगा म्हणाला, ‘सर, आमच्याकडे डिप्रेशन आलं की पेढे वाटतात.’ बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याला हवामानखात्याच्या इंग्रजीत डिप्रेशन म्हणतात, आणि आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. मुलं हसली. मग त्याच मुलाने, न विचारता, आपल्या चुलत्याबद्दल सांगायला सुरुवात केली. दोन वर्षं डिप्रेशन आलंच नाही, आणि मग चुलत्यांना आलं. इतकंच म्हणाला आणि खाली बसला. त्या दिवशी शब्दाचे दोन्ही अर्थ सगळ्यांना कळले होते, आणि कुणी हसलं नाही.

या पद्धतीच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. अभ्यासक्रमात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली. आमच्या वेळी पाचवीपासून होती. पण वाक्य उभं करायला आजही तर्खडकरांची भाषांतर पाठमाला किंवा तसलंच काही घोटावं लागतं. ‘ऑल्दो’, ‘अनलेस’ यांवर विनोद होत नाहीत, मी करून पाहिलेत. मॉड आणि रॉकर या साठच्या दशकातल्या दोन टोळक्यांची माहिती नसेल, तर रिंगो स्टारने स्वतःला ‘मॉकर’ म्हणवण्यातली मजा कळत नाही, आणि ती समजावून सांगण्यात अर्धा तास जातो.

आणि एक चूक माझी स्वतःची आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाखतीत वार्ताहर झालेल्या मुलाने समोरच्या मुलीच्या ‘इस्कूल’, ‘इस्टॉप’ या उच्चारांची नक्कल केली. वर्ग हसला. मी थांबवलं नाही, मला वाटलं खेळच आहे. ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तिच्या घरी गेलो तर तिच्या वडिलांनी चहा दिला, पण तिला बाहेर बोलावलं नाही. गून शोमध्येही बॅनर्जी आणि लालकाका नावाची दोन हिंदी पात्रं होती. सेलर्स आणि मिलिगन त्यांचे हेल काढून बोलायचे. मी त्यांवर पूर्वी फार हसलो आहे. आता ते भाग वर्गात लावत नाही. तिथे शब्दाचा दुसरा अर्थ काही मिळत नाही, फक्त माणूस कुठला आहे ते कळतं. पुण्याच्या टेबलापलीकडचं हसू त्याच जातीचं होतं.

गेल्या उन्हाळ्यात एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या भरतीआधी मुलांनी सरावासाठी मुलाखती घेतल्या. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण तोंडात नगरच बसलेलं. पाथर्डीकडची एक मुलगी ‘परदेशी पाहुणी’ होती. वार्ताहराने ठरलेला प्रश्न टाकला, ‘हाउ डिड यू फाइंड नगर?’ हा प्रश्न आमच्याकडे आता इतका मुरलाय की एस.टी., रिक्षा, गुगल ही उत्तरं बाद आहेत. ती क्षणभर थांबली.

‘आय डिडन्ट,’ ती म्हणाली. ‘मलिक अहमद फाउंडेड इट. इन फोर्टीन नाइंटी फोर.’

फाइंडचा भूतकाळ फाउंड, आणि वसवणे या अर्थाचं फाउंड वेगळंच, त्याचा भूतकाळ फाउंडेड. मी फळ्याकडे वळलो, पण मागून दोघा-तिघांनी ते आधीच एकमेकांना सांगायला सुरुवात केली होती. वार्ताहर मुलगा मात्र हटला नाही. त्याने वही सावरली आणि पुन्हा विचारलं, ‘येस, येस, बट मॅडम, हाउ डू यू फाइंड इट?’

‘हॉट,’ ती म्हणाली.